अनिता अवचट

डॉ. अनिता अवचट (प्रचलित नाव : सुनंदा अवचट; मृत्यू : फेब्रुवारी १९९७) या मराठी मनोविकारतज्ज्ञ आणि पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक होत्या. लेखक डॉ. अनिल अवचट हे त्यांचे पती. त्यांच्या लेखनात त्यांचा उल्लेख सर्वत्र सुनंदा या नावाने येतो, तर वैद्यकीय क्षेत्रात त्या अनिता अवचट म्हणून ओळखल्या जात. व्यसनाधीनता हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, त्यावर शिक्षेने नव्हे तर उपचाराने मात करता येते आणि रुग्ण घरी परतल्यानंतरही उपचार चालूच राहावे लागतात, ही भूमिका महाराष्ट्रात रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

== शिक्षण आणि सुरुवातीचे जीवन ==

अनिता अवचट यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण घेतले. जुन्नर तालुक्यातील ओतूर या गावातून आलेले अनिल अवचट याच महाविद्यालयात शिकत होते. पुढे दोघांचा विवाह झाला. अनिल अवचट यांनी पदवी मिळवूनही वैद्यकीय व्यवसाय फार काळ केला नाही. बिहारमधील दुष्काळी भागाच्या अनुभवावर आधारित त्यांचे पूर्णिया हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर ते युवक चळवळ, पत्रकारिता आणि सामाजिक विषयांवरील लेखन यांकडे वळले.

या निर्णयामुळे संसाराचा आर्थिक भार मुख्यतः अनिता यांच्या नोकरीवर आला. घरातील कामे आणि मुलींचे संगोपन यांचा मोठा वाटा अनिल अवचट यांनी उचलला. १९७०च्या दशकातील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात अशी वाटणी क्वचितच आढळत असे. स्वतःविषयी या पुस्तकात अनिल अवचट यांनी या सहजीवनाबद्दल लिहिले आहे. गरजा मर्यादित ठेवून राहण्याची रीत दोघांनी स्वीकारली होती. मुक्ता आणि यशोदा या त्यांच्या दोन मुली. त्यांपैकी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे मुक्तांगणची धुरा सांभाळली.

== येरवड्यातील काम ==

अनिता अवचट यांनी मनोविकारशास्त्रात प्रावीण्य मिळवून येरवडा येथील शासकीय मनोरुग्णालयात काम केले. ब्रिटिश काळात सुरू झालेले हे रुग्णालय दोन हजारांहून अधिक खाटांचे असून देशातील मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होते.

त्या काळात मनोरुग्णालयांचे कामकाज १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यानुसार चाले. या कायद्याचा भर रुग्णाला समाजापासून वेगळे ठेवण्यावर होता. १९८७ साली संमत झालेला मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात १९९३ मध्ये अमलात आला. त्यामुळे मनोरुग्णालयाची पायरी चढणे म्हणजे कायमचा शिक्का बसणे, अशी समजूत घट्ट होती. दारूच्या व्यसनाने ग्रासलेली माणसे तेथे पोहोचत, ती बहुधा भ्रम, झटके किंवा हिंसक वर्तन अशा अवस्थेत. तीव्र लक्षणे ओसरली की त्यांना घरी पाठवले जाई आणि काही काळाने त्यांतील अनेकजण पुन्हा दाखल होत. शरीरातून दारू काढणे आणि माणसाला दारूपासून दूर ठेवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे अशा वारंवार परतणाऱ्या रुग्णांवरून स्पष्ट होत होते. पहिल्या कामासाठी रुग्णालयात औषधे होती; दुसऱ्यासाठी वेगळी व्यवस्था हवी होती.

== गर्दचा प्रसार ==

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई, पुणे आणि देशातील इतर शहरांत ब्राऊन शुगर हा अशुद्ध हेरॉइनचा प्रकार पसरू लागला. मराठीत त्याला गर्द हे नाव पडले. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सीमाभागात तयार होणारे हेरॉइन भारतमार्गे पश्चिमेकडे जाऊ लागले होते आणि त्याचा काही भाग येथील बाजारात उतरत होता. चांदीसारख्या कागदावर भुकटी तापवून तिचा धूर ओढला जाई. दारूचे व्यसन जडायला बहुधा काही वर्षे जातात. गर्दच्या बाबतीत काही आठवडे पुरत. व्यसनी तरुणांत विद्यार्थी, कामगार, रिक्षाचालक आणि सुखवस्तू घरांतील मुले असे सर्व थर होते.

गर्द मिळेनासे झाले की अंगदुखी, पोटात कळा, उलट्या, जुलाब, घाम आणि झोप उडणे अशी लक्षणे सुरू होतात. व्यसनींच्या बोलीत या अवस्थेला टर्की म्हणतात. ही अवस्था अतिशय त्रासदायक असली तरी निरोगी प्रौढात ती सहसा जीवघेणी नसते आणि साधारण एका आठवड्यात तिचा जोर ओसरतो. याउलट दारू एकाएकी तोडल्यास झटके आणि कंपवातासह भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. हा फरक सामान्य माणसांना ठाऊक नव्हता. घरच्यांनी मुलाला खोलीत कोंडणे, मारणे किंवा लग्न लावून देणे, हेच उपाय सर्रास केले जात.

अंमली पदार्थ आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा नोव्हेंबर १९८५ मध्ये लागू झाला. त्यात कठोर शिक्षांबरोबर व्यसनी व्यक्तीच्या उपचाराची तरतूदही होती. १९८९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ठरावीक गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देण्यात आले. पण उपचार घ्यायचे कोठे, हा प्रश्न पुण्यासारख्या शहरातही अनुत्तरित होता. चेन्नई येथे शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये आणि मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये व्यसनमुक्तीचे काम सुरू केले होते. अशी केंद्रे देशात मोजकीच होती.

== मुक्तांगणची स्थापना ==

अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाविषयी लेखमाला लिहिली. ती गर्द या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ही लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले. या प्रश्नावर काही करता येईल का, अशी विचारणा करून त्यांनी उपचारकेंद्रासाठी आर्थिक मदत देऊ केली. अवचट दांपत्याने ती जबाबदारी स्वीकारली. मनोविकारतज्ज्ञ म्हणून उपचारांची सूत्रे अनिता यांच्याकडे आली.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातील एका इमारतीत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. शासनाची जागा, देशपांडे दांपत्याचे अर्थसाहाय्य आणि स्वयंसेवी संस्थेचे व्यवस्थापन असा तिहेरी मेळ त्यामागे होता. सुरुवातीला गर्दचे रुग्ण डोळ्यांसमोर होते. नंतर दारूच्या रुग्णांची संख्या वाढत गेली.

मनोरुग्णालयाच्या आवारामुळे वैद्यकीय मदत हाताशी राहिली. मात्र रुग्णाच्या मनातील भीती दूर करणे त्यामुळे अधिक अवघड होते. केंद्राचे वातावरण रुग्णालयापेक्षा घरासारखे ठेवण्यावर अनिता अवचट यांनी जो भर दिला, त्यामागे हेही एक कारण होते.

== उपचाराची रीत ==

मुक्तांगणमधील निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो. पहिल्या टप्प्यात शरीरातील नशेचा अंमल उतरवला जातो. दारूच्या रुग्णाला झटके येऊ नयेत म्हणून शामक औषधे ठरावीक क्रमाने कमी करत दिली जातात आणि मेंदूची हानी टाळण्यासाठी थायमिन हे ब-१ जीवनसत्त्व पुरवले जाते. पुढच्या टप्प्यात वैयक्तिक समुपदेशन, गटचर्चा, योगासने, ध्यान, व्याख्याने, कला आणि श्रम यांनी दिवस बांधलेला असतो.

या पद्धतीची काही वैशिष्ट्ये अनिता अवचट यांच्या काळापासून केंद्राची ओळख बनली. रुग्णाला मारहाण किंवा अपमानास्पद शिक्षा करायची नाही, हा मूलभूत नियम होता. रुग्णाला रुग्णमित्र मानून त्याच्याशी बरोबरीने बोलले जाई. त्याचबरोबर वेळापत्रक आणि शिस्त यांत ढिलाई नसे. व्यसनी व्यक्ती खोटे बोलते, वचने मोडते, पैसे चोरते, याची जाणीव ठेवूनही तिच्यावरचा विश्वास संपू न देणे, हे समुपदेशकाकडून अपेक्षित होते.

दुसरे वैशिष्ट्य कर्मचाऱ्यांच्या निवडीचे. उपचार घेऊन व्यसनमुक्त झालेल्या अनेकांना केंद्रातच काम देण्यात आले. नव्याने आलेल्या रुग्णाला डॉक्टरच्या सल्ल्यापेक्षा त्याच वाटेने गेलेल्या माणसाचे उदाहरण अधिक पटते. शिवाय व्यसनी माणसाच्या सबबी, लपवाछपवी आणि स्वतःची समजूत घालण्याच्या तऱ्हा अशा कार्यकर्त्याला आतून ठाऊक असतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत गटाच्या कामाचा पायाही हाच आहे. या गटाच्या सभांशी रुग्णांचा परिचय करून देणे हा व्यसनमुक्ती केंद्रांच्या कामाचा नेहमीचा भाग असतो.

== पाठपुरावा आणि बाह्यरुग्ण उपचार ==

केंद्रातील पस्तीस दिवस ही उपचाराची सुरुवात मानली जाते. केंद्रात दारू किंवा गर्द उपलब्ध नसते; खरी परीक्षा घरी, कामावर आणि जुन्या मित्रांत होते. त्यामुळे घरी गेलेल्या रुग्णाने ठरावीक दिवशी समुपदेशकाला भेटणे, गटाच्या सभेला येणे आणि गरज पडल्यास औषधे चालू ठेवणे, अशी पाठपुराव्याची पद्धत मुक्तांगणने बसवली. पुण्याखेरीज मुंबई व इतर शहरांतही असे पाठपुरावा गट सुरू झाले. व्यसनमुक्तीचे वर्ष पूर्ण झाले की रुग्णाचा वाढदिवस साजरा केला जातो. तेथे रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबीयही बोलतात.

घसरण, म्हणजे काही काळ दूर राहिल्यानंतर पुन्हा नशा करणे, हे आजाराचे सामान्य लक्षण समजून रुग्णाला परत बोलावले जाते. मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण पथ्य मोडल्यावर पुन्हा डॉक्टरकडे जातो, त्याच न्यायाने व्यसनी रुग्णानेही लाज न बाळगता परत यावे, असा यामागचा विचार आहे.

दाखल न होता घ्यायचे उपचार सर्वांना लागू पडत नाहीत. पूर्वी झटके किंवा भ्रम झालेले, यकृताचा किंवा हृदयाचा गंभीर आजार असलेले, आत्महत्येचा विचार करणारे आणि घरी लक्ष देणारे कोणी नसलेले रुग्ण दाखल होणे सुरक्षित असते. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत झटक्यांचा आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रमाचा धोका अधिक असतो. ज्यांचे व्यसन सौम्य किंवा मध्यम आहे, ज्यांच्या घरी आधार आहे आणि जे नियमित येऊ शकतात, त्यांना बाह्यरुग्ण विभागातच औषधे आणि समुपदेशन देता येते. यामुळे रोजगार बुडत नाही, खर्च कमी होतो आणि माणूस आपल्या नेहमीच्या परिस्थितीतच मोहाला तोंड द्यायला शिकतो.

बाह्यरुग्ण उपचारांतील औषधेही बदलत गेली. डायसल्फिराम या औषधाचा दारूवरील उपयोग १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये पुढे आला. ते घेत असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या अशी तीव्र प्रतिक्रिया होते. ते रुग्णाला न सांगता अन्नात मिसळून देणे धोक्याचे आहे आणि अशी प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही औषधे दारूची ओढ कमी करतात. हेरॉइनच्या रुग्णांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही पर्यायी औषधे डॉक्टरच्या देखरेखीखाली दिली जातात. भारतात मेथाडोनचा असा वापर २०१२ पासून सुरू झाला.

== कुटुंबीयांसाठीचे काम ==

मुक्तांगणच्या कामात रुग्णाच्या घरच्यांना सुरुवातीपासून स्थान मिळाले. व्यसनी पुरुषाची पत्नी बहुधा वर्षानुवर्षे मारहाण, कर्ज आणि बदनामी सोसत असते. त्याच वेळी ती नवऱ्याच्या कामावर खोटे निरोप पाठवते, त्याची उधारी फेडते आणि नातेवाइकांपासून सारे लपवते. अशा मदतीने व्यसन नकळत पोसले जाते, हे तिला दोष न देता समजावून सांगावे लागते. नवऱ्याने दारू सोडली तरी बायकोच्या मनातला संशय आणि राग लगेच जात नाही. तिलाही उपचाराची गरज असते.

व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी मुक्तांगणने सहचरी हा आधारगट चालवला. एकमेकींचे अनुभव ऐकणे, स्वतःच्या कमाईचा व सुरक्षिततेचा विचार करणे आणि मुलांवर होणारे परिणाम ओळखणे, हे अशा गटातील चर्चेचे विषय असतात. नवरा सुधारो वा न सुधारो, स्त्रीने स्वतःचे आयुष्य उभे करावे, हा या कामाचा गाभा आहे.

== किशोरवयीन रुग्ण ==

गर्दच्या लाटेत सापडलेल्यांत शाळा-महाविद्यालयांतील मुलेही होती. किशोरवयीन मुलांचे व्यसन प्रौढांपेक्षा वेगळे असते. त्यांना शरीराची हानी अजून जाणवलेली नसते, उपचाराला ती सहसा पालकांच्या आग्रहाने येतात आणि नशेमागे कुतूहल, मित्रांचा दबाव, अभ्यासातील अपयश किंवा घरातील कलह असतो. त्यामुळे त्यांच्याबाबतीत शक्यतो घरी ठेवून, शाळा न सोडवता आणि आईवडिलांना सोबत घेऊन उपचार करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. लक्ष न लागणे, नैराश्य आणि चिंता यांची तपासणी त्याच वेळी केली जाते. मुलाने विश्वासाने सांगितलेले सारे पालकांना कळवायचे नाही, पण जिवाला धोका दिसल्यास कळवायचे, ही मर्यादा पहिल्याच भेटीत दोघांनाही स्पष्ट केली जाते.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन, थिनर यांसारखे द्रव, हा एकच गट असा आढळला की ज्याचे प्रमाण मुलांत प्रौढांहून जास्त होते. १० ते १७ वयोगटात ते १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. शैक्षणिक संस्थांच्या १०० यार्ड परिसरात आणि १८ वर्षांखालील व्यक्तींना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

== आजारपण आणि निधन ==

मुक्तांगणचे काम वाढत असतानाच अनिता अवचट यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया व औषधोपचार यांचे त्रास सोसत त्यांनी केंद्राचे काम चालू ठेवले. स्वतः गंभीर आजाराशी झुंजणारी डॉक्टर आपल्यासाठी वेळ देते, याचा रुग्णांवर खोल परिणाम होत असे. आपल्यानंतर काम थांबू नये म्हणून व्यसनमुक्त कार्यकर्ते आणि समुपदेशक तयार करण्यावर त्यांचा भर राहिला.

फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. सुनंदाला आठवताना या पुस्तकात अनिल अवचट यांनी त्यांच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या आहेत. केंद्राच्या वाटचालीची हकिकत त्यांच्या मुक्तांगणची गोष्ट या पुस्तकात येते.

== निधनानंतरचे कार्य ==

अनिता अवचट यांच्यानंतर अनिल अवचट आणि मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्राचे काम पुढे नेले. मनोरुग्णालयाच्या आवारातून केंद्र येरवड्यातीलच मोहनवाडी येथे स्वतःच्या इमारतीत गेले. व्यसनी स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. स्त्रिया व्यसन अधिक लपवतात आणि पुरुषांच्या केंद्रात येण्यास कचरतात, ही अडचण लक्षात घेऊन तो उभारण्यात आला. पुढे मोबाइलच्या अतिवापरासारख्या नव्या सवयींसाठीही तेथे मदत दिली जाऊ लागली. अनिल अवचट यांचे २७ जानेवारी २०२२ रोजी निधन झाले.

अनिता अवचट यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो. प्रतिकूल परिस्थितीशी झगडून स्वतः उभे राहिलेल्या आणि इतरांना आधार देणाऱ्या व्यक्तींचा त्यातून गौरव होतो.

== मूल्यमापन ==

मुक्तांगणची पद्धत संपूर्ण व्यसनमुक्तीवर, म्हणजे नशेपासून कायमचे दूर राहण्यावर, उभी आहे. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत नंतरच्या संशोधनाने पर्यायी औषधे दीर्घकाळ देण्याचा मार्ग अधिक परिणामकारक ठरवला आहे. नशा पूर्ण थांबवून बाहेर पडलेल्या रुग्णाची सहनशक्ती घटलेली असते. त्याने पूर्वीच्याच मात्रेत पुन्हा हेरॉइन घेतल्यास मृत्यूचा धोका वाढतो. म्हणूनच आज निवासी उपचार, बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि स्वमदत गट यांची रुग्णानुसार सांगड घालण्यावर भर दिला जातो. मुक्तांगण सुरू झाले तेव्हा ही औषधे येथे सहज उपलब्ध नव्हती. त्या परिस्थितीत समुपदेशन, सहवास आणि पाठपुरावा हीच मुख्य साधने होती.

उपचाराची गरज आणि सोय यांतील अंतर अजून मोठे आहे. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज होती. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाली होती आणि दाखल होऊन उपचार घेतलेले १८० मध्ये एक होते. एवढ्या लोकांना खाटा पुरवणे अशक्य असल्याने बाह्यरुग्ण उपचारांचा विस्तार हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

पुणे जिल्ह्यातही हे अंतर दिसते. मुळशी तालुक्याचा हिंजवडी, बावधन, पिरंगुट हा पूर्व भाग पुणे शहराला आणि कारखान्यांना जोडला गेला आहे, तर धरणाच्या काठच्या व ताम्हिणी घाटाकडील वाड्या विखुरलेल्या आहेत. अशा वाडीतील मजुराला दर आठवड्याला येरवड्यापर्यंत जायचे तर एक दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च सोडावा लागतो. चार आठवड्यांनी तो येणे थांबवतो, यात त्याच्या निश्चयाचा दोष थोडाच असतो. पौडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालयातच औषधे आणि समुपदेशन मिळणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. १९९६ मध्ये देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतू मानसिक उपचार अशा रुग्णालयांपर्यंत नेणे हाच आहे. व्यसनाविषयी दूरध्वनीवरून सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी, तर मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून १४४१६ ही टेलिमानस सेवा उपलब्ध आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अंमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा मानसिक आजारात समावेश केला आणि रुग्णाला क्रूर व अमानवी वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला. व्यसनमुक्तीच्या नावाखाली रुग्णाला बांधून ठेवणे किंवा मारहाण करणे यांस त्यामुळे कायद्याने प्रतिबंध झाला. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या केंद्रात मारहाण आणि अपमान यांना मनाई हा आरंभापासूनचा नियम होता.